गुणाजीने वगळलेला शब्द

गुणाजी, तुला मातीत ठेवून आलो त्याला अजून आठवडाही झाला नाही आणि मी तुझ्याशी भांडायला बसलो आहे. दुसरं काही सुचतच नाही. रडून झालं. पटकीने गेलेल्या माणसाचं सामान जाळून टाकावं म्हणतात, म्हणून तुझी धोतरं जाळली, वळकटी जाळली. घोंगडी मात्र जाळवली नाही. ती अंगणातल्या काटेरी कुंपणावर पडून आहे, आणि शेजारची माणसं तिच्यापासून चार हात लांबून जातात.

जाताना तू माझ्याकडून एक वचन घेतलंस. तुझा आवाज तोवर बसला होता, तरी शब्द सुटे सुटे कळले: "माह्या मातीवर तो शबुद म्हनू नको, दौलत." कुठला शब्द, हे विचारायची मला गरज नव्हती. आपली सगळी भांडणं त्या एका शब्दावरून तर होती. प्रभूने आपल्या माणसांना जी प्रार्थना शिकवली तिच्यात पहिल्याच ओळीत देवाला बाप म्हटलं आहे. आणि तू, गावोगाव तीच प्रार्थना शिकवत हिंडणारा उपदेशक, नेमका तेवढाच शब्द गिळून पुढचं म्हणायचास. मी मान हलवली. मरणाऱ्याला नाही कोण म्हणणार? त्या वचनाचं पुढे काय झालं ते तुला कळायला हवं.

बाकीचं पाद्रीसाहेब लिहितील. ते उन्हाळ्यासाठी चिखलदऱ्याला गेले आहेत, उतरले की लिहितील. तू कुठल्या साली बाप्तिस्मा घेतलास, किती गावं पालथी घातलीस, किती शांतपणे गेलास, असं सगळं. तू शांतपणे गेला नाहीस हे मी त्यांना सांगणार नाही.

मला नांदगावचा बाजार आठवतो. आपण दोघं पहिल्यांदाच लोकांसमोर उभे होतो, आणि तू सुरुवातच केलीस की देव धनगर आहे, आपण त्याची मेंढरं. त्या वर्षी समुद्रापलीकडे कुठे लढाई पेटली होती आणि विलायतेला आपला कापूस हवा होता. लोकांनी पडीक नांगरलं, कुरणं नांगरली, ज्वारीचं वावरसुद्धा कपाशीच्या पऱ्हाटीखाली घातलं. धनगरांना मेंढरं चारायला वीतभर जागा उरली नव्हती, आणि कोवळ्या पऱ्हाटीत मेंढरं शिरली म्हणून रोज कुठे ना कुठे काठ्या चालायच्या. अशा लोकांना तू सांगत होतास की देव धनगर आहे! पुढे बसलेला एक शेतकरी उठून म्हणाला, "मंग त्याले सांग बाप्पा, आंधी माह्या वावरातून मेंढरं काढ." सगळा बाजार हसला. मीही हसलो. तू माझ्याशी न बोलता अमरावतीपर्यंत पुढे पुढे चालत राहिलास, अगदी पाटलाच्या पोराच्या ताठ्यात.

पुढच्या बाजाराला तू तोच धनगर परत आणलास, पण वेगळ्या वाटेने. पीक निघाल्यावर शेतकरी धनगराला बोलावून रात्री मेंढरं वावरात बसवून घेतो. सकाळी धनगर निघून जातो, वावरात खत राहतं, आणि पुढच्या साली पीक कसं येतं ते तुम्हीच सांगा, असं तू विचारलंस. म्हातारे माना डोलवू लागले. घरी येताना मी चिडवलं, म्हणजे आता देवाच्या लेंड्यांवर प्रवचन देणार का? तू रागावला नाहीस. देवाला लाज वाटत नसेल तर आपण कशाला वाटून घ्यायची, म्हणालास.

आणि खडक? देव माझा खडक आहे, हे साहेबांचं आवडतं. तू त्यांना समजावत होतास की आमच्या काळ्या जमिनीत विळ्याला धार लावायला दगड सापडत नाही, नांगराला लागलाच तर शेतकरी त्याला शिव्या घालतो, आणि मोठा निघाला तर त्याला शेंदूर फासून त्याचाच देव करतो. मग कुठला खडक सांगू? साहेबांना ते पटलं नाही. तू खडक मुकाट्याने सोडून दिलास.

तुझं म्हणणं पक्कं झालं ते बडनेऱ्याजवळच्या एका ओसरीत. घरची बाई रेच्यावर कापूस वटत होती. दोन लाटण्यांमधून रुई पलीकडे जात होती आणि सरकी अलीकडे टपटप पडत होती. तू बराच वेळ पाहत बसलास. बाहेर पडल्यावर म्हणालास, देवासाठी आपण जो जो शब्द वापरतो तो असा वटून घ्यावा लागतो. धनगराचं हरवलेलं मेंढरू शोधणं ठेवायचं, तेच मेंढरू तो खाटकाला विकतो ते टाकायचं. राजाचं राखणं ठेवायचं, त्याचे शिपाई टाकायचे. देव धनगर आहे हे खरं आणि देव धनगर नाही हेही खरं, आणि दोन्ही एका दमात म्हणता आलं पाहिजे. नाहीतर आपणही शब्दालाच शेंदूर फासू, असं तुझं भय होतं.

मी म्हटलं, "सरकी फेकशीन तं पुढच्या साली पेरशीन काय?"

माळ्याच्या पोराला कापसातलं काय कळतं, म्हणालास, आणि भाकर मोडायला बसलास. ते भांडण तिथेच राहिलं. मला अजून वाटतं की शब्दातलं जे टणक असतं, सूत होत नाही, दाताखाली आलं की नको वाटतं, त्यातूनच तो शब्द पुन्हा उगवतो. तू असतास तर म्हणाला असतास की मी हट्टी आहे. आहेच.

पण बाप हा शब्द तू वटायलाही घेतला नाहीस. तो तू हातातच धरला नाहीस.

तुझ्या बापाबद्दल, जागोजी पाटलाबद्दल, तू फार बोलायचा नाहीस. जे बोललास ते सगळं मला पाठ आहे. आई तुला आठवत नव्हती. पाटलाने दुसरं लग्न केलं नाही, आणि पाटीलकीच्या घरात ते किती नवलाचं असतं हे मला सांगायला नको. तिफण धरताना तुला शेल्याने पाठीला बांधायचा. तुला ताप आला तर घरी पाच बाया असून कुणाला जवळ येऊ द्यायचा नाही. त्याला तू बा म्हणायचास. आणि तू ख्रिस्ती झालास तेव्हा त्याच माणसाने डोकं भादरून, शिवेवरच्या नाल्याकाठी तुझ्या नावाने मडकं फोडलं आणि जिवंतपणी तुझे पिंड ठेवले.

तू नाल्यापलीकडच्या बाभळीत लपून सगळं पाहत होतास. पिंडाला कावळा शिवेना. लोक वाट पाहून कंटाळले. शेवटी कुणीतरी गवताचा कावळा करून टेकवला आणि तुझं मरण उरकलं. हे सांगताना तू हसायचास. "कावळ्याले समजलं का हा जित्ता आहे, मानसाले नाई समजलं." त्या हसण्याची मला भीती वाटायची, गुणाजी. तू हसत असताना मी दुसरीकडे पाहायचो.

प्रार्थनेत तू पहिला शब्द गाळतोस हे फक्त मला ठाऊक होतं, कारण मी तुझ्या शेजारी उभा राहायचो. माझा आवाज मोठा. तुझी जागा त्याने भरून निघायची. साहेबांच्या लक्षात आलं ते फार उशिरा. त्यांनी तुला जवळ बसवून मायेने सांगितलं की देव बापासारखा आहे असं नसून जगातले बाप देवाची नक्कल आहेत, पुसट, बिघडलेली. खरं बापपण त्याच्याकडे आहे. तू ऐकून घेतलंस. बाहेर आल्यावर मला म्हणालास की अस्सल कुणी पाहिलं आहे? आपण नकलेवरूनच ओळखतो. आणि माझी नक्कल बिघडलेली नव्हती, दौलत. चांगली होती. म्हणून तर.

ते 'म्हणून तर' मला तेव्हा कळलं नाही. मी माझंच ताणत राहिलो. हा शब्द तुझा नाही, माझा नाही, प्रभूने दिलेला आहे, आपण तो उचलायचा. तू म्हणायचास, तुला सोपं आहे, तुझा बाप वांगी देतो. ते खरं होतं. अकोल्याला मोर्णेकाठच्या आमच्या मळ्यात मी गेलो की माझा बाप घरात घेत नाही, पण कुंपणावरून वांग्यांची टोपली देतो आणि माळ्याच्या पोराने बाजारची वांगी खाऊ नयेत म्हणून दटावतो. असा बाप असला की देवाला बाप म्हणायला जीभ अडत नाही.

एकदा मी हट्टाला पेटून वधस्तंभावरची गोष्ट काढली. त्यालाही बापाने टाकलंच होतं की, म्हटलं, तरी त्याने शब्द टाकला नाही. तू जागच्या जागी थांबलास. तेव्हा तो बाप म्हणाला नाही, असं म्हणालास. टाकलं म्हणून ओरडला तेव्हा त्याने नुसतं देवा म्हटलं, मी रोज वाचतो ते. मी म्हटलं, पण नंतर 'बापा' म्हणाला ना, प्राण सोडताना? त्यावर तू म्हणालास,

"माहं नंतर अजून आलं नाई."

दरवर्षी कापूस घेऊन जागोजी पाटलाच्या गाड्या अमरावतीला यायच्या. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या, झुली नव्या. कापसाच्या तेजीच्या त्या वर्षांत कुणाच्या नव्हत्या! आपण बाजाराच्या तोंडाशी उभे असायचो. पाटील गाड्या पुढे धाडायचा आणि स्वतःची गाडी कडुनिंबाखाली सोडायचा. बैलांना पाणी पाजायचं तर हौद पुढे होता, तिथे थांबायचं काही कारण नव्हतं. आपल्याकडे पाठ करून बसायचा. तू बोलता बोलता अडखळायचास, मग मी बोलायचो, मोठ्याने. प्रार्थना संपेपर्यंत तो बसलेला असायचा. त्याने कधी मान वळवली नाही आणि तू कधी दहा पावलं गेला नाहीस. मला तुम्हा दोघांचा संताप यायचा. आजही येतो.

या चैत्रात पटकी आली. कापसाच्या गाड्या बाजाराबाहेर अडकून पडलेल्या, गाडीवान गाड्यांखालीच ओकत आणि हगत पडलेले. गावातली माणसं परकोटाचे दरवाजे लावून घेत होती. तू पाण्याची घागर घेऊन गाड्यांखाली शिरलास. मी म्हटलं साहेब येईपर्यंत थांब, ते औषध आणतील. तू थांबला नाहीस. दिवसभर पाणी पाजलंस, रात्री मेलेल्यांना एका बाजूला ओढलंस. देवाबद्दल तिथे कुणाशी एक शब्द बोलला नाहीस, मी पाहत होतो. मग एका सकाळी तूच घागरीजवळ खाली बसलास.

तुला झोपडीत आणलं. पोटऱ्यांना गोळे येत होते, मी चोळत होतो, तू दात खात होतास. डोळे आत गेले, बोटांची कातडी आकसली. मी प्रार्थना सुरू केली तर तू हाताने थांबवलंस. "नाव नको घेऊ. नुस्ता बस." मी बसलो. तशा झोपडीत, तशा वासात, देवाला काहीही न म्हणता बसायला मला जमत नव्हतं, मी घाबरलो होतो. तू घाबरला नव्हतास. एवढं मात्र मी सगळ्यांना सांगेन. मग तू ते वचन मागितलंस. मी विचारलं, तुझ्या बाला बोलावू? तू भिंतीकडे तोंड केलंस. मी त्याआधीच तुझ्या गावच्या वाटेने एक गाडीवान पिटाळला होता, हे तुला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलती झाल्यावर खड्डा खणला. खणायला दोघंच आले, दोघंही गाडीवान, तुझ्या हातचं पाणी पिऊन वाचलेले. त्यातला एक मुसलमान होता. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा, वरची ढेकळं पहारीला दाद देईनात. कंबरभर खाली गेल्यावर मात्र ओल लागली. एवढ्या चैत्रात गार माती हाताला लागली आणि मला तिथेच बसून रडू आलं. तुला उतरवलं. तेवढ्यात रस्त्यावर एक गाडी थांबली.

पाटील उतरला. खड्ड्याजवळ आला नाही. लांबच्या बाभळीखाली, आपल्याकडे पाठ करून, जसा बाजारात बसायचा तसा बसला. मी गेलो. तो किती म्हातारा झाला आहे ते मला त्या दिवशी दिसलं. तू कसा गेलास, किती त्रास झाला, काही विचारलं नाही. तुमचं ते बापाचं म्हणणं म्हणून घ्या आणि उरका, एवढंच म्हणाला. बाजारात म्हणता ते.

मी उभाच राहिलो. मग तो समोरच्या वावराकडे पाहत बोलायला लागला. तू कधी सांगितलं नाहीस ते मला त्याच्याकडून कळलं. बाप्तिस्म्याच्या आधी तू घरी गेला होतास. नवा नवा विश्वास, अंगात वारं भरलेलं. ओट्यावर चार माणसांत तू पाटलाला म्हणालास की माझा खरा बाप वर आहे.

"खरा," पाटील म्हणाला. "मंग मी कोन व्हतो? मी का गवताचा व्हतो? मडकं मी उगीच नाई फोडलं."

तेव्हा मला तुझं 'म्हणून तर' कळलं, गुणाजी. मला वाटत होतं बापाने तुला टाकलं म्हणून तुझा शब्द मेला. तसं नव्हतं. तो शब्द तू पहिल्यांदा हातात घेतलास आणि त्याचीच काठी करून त्या माणसाच्या डोक्यात घातलीस. धनगराला वटलंस, राजाला वटलंस, पण त्या दिवशी बापाला वटायला विसरलास. देव बाप आहे एवढंच म्हणालास. आणि नाहीही, हे म्हणायचं राहिलं. ते पुढे जन्मभर गप्प राहून म्हणत होतास. आणि मी तुझ्या शेजारी उभा राहून मोठ्याने ओरडत होतो.

मी त्याच्यासमोर खाली बसलो. म्हटलं, "पाटील, त्या दिवसापासून त्यानं तो शबुद तोंडातून काढला नाई. देवालेबी म्हनला नाई. बजारात तुमी आयकला तो माहा आवाज."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "कोनालेच नाई म्हनला?"

"कोनालेच नाई."

वाटलं होतं, त्याला बरं वाटेल. त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. तो म्हणाला, "म्हंजे एवढी सालं माहं पोट्टं बिनबापाचं राह्यलं." आणि दोन्ही हातांनी जमिनीवरची ढेकळं चुरत बसला. गाडीवान पहारी टेकून माझी वाट पाहत होते. मी उठलो तेव्हा तो वर न पाहता म्हणाला, "तो शबुद म्हन. त्याचा म्हनून म्हन."

त्याला वचनाचं काही ठाऊक नव्हतं. मला होतं. बाभळीपासून खड्ड्यापर्यंत येताना मी ठरवू शकलो नाही. जिवंत माणसाचं ऐकू की मेलेल्याचं? तुझ्या जागी दुसरा कुणी असता तर मी साहेबांना विचारलं असतं. खाली तू पांढऱ्या कपड्यात, तोंड झाकलेला. मला तुझा राग आला. सगळं मला सोपवून गेलास म्हणून.

पुस्तकातला शब्द मला त्या क्षणी नको वाटला. तू लहानपणी ज्या तोंडाने हाक मारत असशील त्या तोंडाने मी म्हटलं, "बा."

आणि मागून, बाभळीखालून, "ओ" आली.

मोठ्याने नाही. घरातून पोराने हाक मारावी आणि गोठ्यातून बापाने हातातलं काम न सोडता द्यावी, तशी. दोघं गाडीवान वळून पाहू लागले. मी वळलो नाही. प्रार्थनेचं पुढचं सगळं मला पाठ आहे, झोपेत म्हणतो मी ते. त्या दिवशी एक शब्द पुढे सरकला नाही. आम्ही तिघांनी तशीच माती लोटली.